नत्राचें कूळ

ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ विचारूं नये, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. भाताच्या रोपाला ही म्हण कोणी शिकविलेली नसते, तरी तें ती जन्मभर पाळतें. त्याच्या मुळाशीं जें नत्र येऊन पोंचतें, तें गोठ्यांतून आलें, डोंगरावरच्या पातेऱ्यांतून आलें, कीं कारखान्यांतून निघालेल्या पोत्यांतून आलें, याची चौकशी तें करीत नाहीं. चौकशी करतों ते आपण. आम्हां पांढरपेशांच्या घरांत तर अलीकडे ही चौकशी फारच सूक्ष्म झाली आहे. तांदूळ घेतांना तो ‘सेंद्रिय’ आहे काय, हें आपण मोठ्या आस्थेनें विचारतों, आणि होकार मिळाला म्हणजे चार पैसे अधिक मोजून समाधानानें घरीं येतों. परंतु तो तांदूळ ज्या रोपाचा झाला, तें रोप पहिले तीन आठवडे कोठें वाढलें, त्याला काय खाऊं घातलें गेलें, आणि तें खाद्य कोणाच्या डोक्यावरून आलें, हें विचारण्याचें कोणाला सुचत नाहीं. या लेखांत त्या तीन आठवड्यांविषयींच थोडें लिहावयाचें आहे.

माझा व्यवसाय इंग्रजी वाङ्मय शिकविण्याचा. रसायनशास्त्राशीं माझा औपचारिक संबंध शाळेबरोबरच संपला. परंतु कर्जत तालुक्यांत आमच्या घराची थोडी भातजमीन आहे, आणि तिला जोडून वरकस डोंगरउताराचा एक तुकडा आहे. सातबाऱ्यावर इतरांबरोबर माझेंही नांव आहे. प्रत्यक्ष शेती माझे चुलतबंधु, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतों, ते आणि वहिनी करीत आलीं. दादांनीं सत्तरी ओलांडली आहे. वहिनी त्यांच्याहून चार-पांच वर्षांनीं लहान. दोन वर्षांपूर्वीं दादांनीं बैलजोडी विकली आणि मागोमाग गायही दिली. त्या उन्हाळ्यांत सुटीसाठीं मी गांवीं गेलों, तेव्हां ‘यंदा राब भाजावयाचा कीं नाहीं’ हा प्रश्न घरापुढें उभा होता. आणि शिकलेला माणूस म्हणून तो माझ्यापुढें ठेवण्यांत आला.

राब म्हणजे काय, हें शहरांतल्या वाचकांना सांगावयास हवें. भात लावावयाचें तें दोन टप्प्यांनीं: आधीं थोड्या जागेंत दाट पेरून रोप तयार करावयाचें, आणि तीन-चार आठवड्यांनीं तें उपटून चिखलणी केलेल्या खाचरांत लावावयाचें. एक हेक्टर लावणीसाठीं सुमारें दहा गुंठ्यांचें रोप लागतें, म्हणजे जमिनीचा दहावा हिस्सा. या तुकड्याला कोठें दाढ म्हणतात, दक्षिणेकडे त्यांतल्या रोपाला तरवा म्हणतात, आणि आमच्याकडे तो राब. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत या जागेवर शेणाचा थर द्यावयाचा, त्यावर ऐनासारख्या झाडांचें तोडलेलें कवळ, त्यावर पातेरा आणि गवत, आणि सर्वांवर बारीक मातीचा पातळ थर. मग वाऱ्याच्या उलट बाजूनें आग लावावयाची, म्हणजे ती एकदम भडकत नाहीं. धुमसत धुमसत सावकाश पुढें सरकते. पुढें रोहिणी नक्षत्रांत त्या भाजलेल्या जमिनींत धूळवाफेवर बीं पेरलें, कीं मृगाच्या पावसाबरोबर रोप वर येतें, आणि तें शेजारच्या न भाजलेल्या जमिनींतल्या रोपाहून हिरवें, जोमदार आणि तणमुक्त असतें. हा अनुभव सह्याद्रीच्या पायथ्याशीं पिढ्यान्‌पिढ्या लोकांनीं घेतलेला आहे.

या एका रिवाजानें इंग्रज सरकारला जेवढें सतावलें तेवढें क्वचितच दुसऱ्या कोणत्या शेतकीच्या रिवाजानें सतावलें असेल. जंगलखातें झाडांची फांदी तोडूं देईना, आणि फांदीवांचून राब होईना. ठाणें आणि कुलाबा जिल्ह्यांतून एवढा ओरडा झाला कीं १८८५ सालीं सरकारला मुंबई इलाख्यापुरतें एक जंगल कमिशन नेमावें लागलें. त्याच सुमारास, १८८३ सालीं, जोतीराव फुल्यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्यें जंगलखात्यानें रानें आणि गायरानें गिळल्यामुळें शेतकऱ्याचीं गुरें कशीं उपाशी पडलीं, याचें वर्णन केलें होतें. गुरें उपाशी पडलीं म्हणजे शेण आटलें, आणि शेण आटलें म्हणजे पीक आटलें, ही साखळी लक्षांत येण्यास रसायनशास्त्र लागत नाहीं. पुढें विलायतेहून आलेल्या डॉ. व्होल्कर नांवाच्या रसायनज्ञानें १८९३ च्या आपल्या अहवालांत हिंदी शेतकऱ्याची तरफदारीच केली. शेणाच्या गोवऱ्या जाळल्या जातात त्या अज्ञानामुळें नव्हेत, सरपण नसल्यामुळें, असें त्याचें म्हणणें होतें. नंतर पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनीं दोन हिंदी सहकाऱ्यांसह राबाचा शास्त्रीय अभ्यास करून १९१२ सालीं तो प्रसिद्ध केला. जी गोष्ट आमच्या आजोबांना नुसती ‘रीत’ वाटत होती, तिच्यावर एवढी मोठमोठी डोकीं खपलीं आहेत, हें वाचून मला कौतुक वाटलें.

राबांत होतें तें असें. शेण आणि पाला जळतांना त्यांतलें बहुतेक नत्र धुरावाटे उडून जातें. राखेंत पालाश, चुना इत्यादि उरतात, नत्र जवळजवळ नाहींच. मग रोप हिरवें कां? कारण आग खालची माती तापवते. तापलेल्या मातींतले कांहीं सूक्ष्म जीव मरतात, तिच्यांतला मुरलेला सेंद्रिय अंश फुटतो, आणि आजवर बांधलेलें नत्र अमोनियाच्या रूपानें मोकळें होतें. १९०९ सालीं इंग्लंडांत रॉथॅमस्टेड येथें रसेल आणि हचिन्सन यांनीं तापविलेल्या मातींत अमोनिया वाढतो हें दाखविलें. शिवाय तणाचें बीं जळून जातें तो लाभ वेगळाच. म्हणजे राब हें खत देणें नव्हेच. जमिनीच्या पेटींतली जुनी ठेव आगीच्या किल्लीनें उघडून काढणें तें आहे. ठेव काढावयाची, आणि वर घातलेलें शेणही धुरांत घालवावयाचें, असा हा व्यवहार आहे. त्याचा लाभ तीन आठवडे मिळतो. त्यासाठीं डोंगर मात्र वर्षभर राबतो.

हें सारें मीं एका संध्याकाळीं ओटीवर बसून दादांना समजावून सांगितलें. दादांनीं ऐकून घेतलें आणि म्हणाले, “असेल. पण राबाशिवाय आपल्या घरांत आजवर रोप झालेलें नाहीं.” माझा पुतण्या खोपोलीकडे कारखान्यांत नोकरीस आहे, तो म्हणाला, “काका, एवढा काथ्याकूट कशाला? अर्ध्या पोत्याचं काम आहे.” वहिनी आंत भाकऱ्या भाजीत होत्या. त्या तेथूनच म्हणाल्या, “भावोजी, नत्र कुठून येतं तें तुम्ही पुस्तकांत बघा. माझ्या मानेला विचाराल, तर तें डोंगरावरून येतं.”

या वाक्यापुढें माझें सारें विवेचन थिटें पडलें. पन्नास वर्षें कवळाचे भारे आणि शेणाच्या पाट्या त्या बाईनें डोक्यावरून आणल्या होत्या. मीं वही काढली आणि पुतण्याचें ‘अर्धें पोतें’ पडताळून पाहिलें. दहा गुंठे रोपाला गुंठ्यास एक किलो नत्र धरलें तर दहा किलो नत्र हवें. युरियांत नत्राचें प्रमाण शेंकडा ४६. म्हणजे सुमारें २२ किलो युरिया पुरे. पोतें हल्लीं ४५ किलोंचें असतें, तेव्हां पुतण्याचा हिशेब बरोबर होता. तेंच नत्र चांगल्या कुजलेल्या शेणखतांतून द्यावयाचें, तर त्यांत तें शेंकडा अर्धा असतें म्हणून दोन हजार किलो शेणखत पाहिजे. वीस किलोंची एक पाटी धरली तर शंभर पाट्या. आणि इतकें करूनही त्यांतलें सारें नत्र तीन आठवड्यांत रोपाच्या हातीं लागत नाहीं. पुष्कळसें पुढच्या हंगामासाठीं मातींत अडकून राहतें. एका बाजूस सायकलवरून येणारें अर्धें पोतें, दुसऱ्या बाजूस सदुसष्टीच्या घरांतल्या बाईच्या डोक्यावरच्या शंभर पाट्या. शहरांत बसून सेंद्रिय शेतीचा गौरव करणाऱ्या माझ्यासारख्यांनीं हा त्रैराशिकाचा हिशेब एकदां तरी स्वतःच्या हातानें मांडावा, असें मला वाटतें.

परंतु ज्या शब्दांवरून एवढा वाद होतो, ते शब्द तरी कितपत खरे आहेत? माझा धंदा शब्दांचा असल्यामुळें मला तेथें थांबावें लागलें. शेण तें सेंद्रिय आणि युरिया तो रासायनिक, असें आपण सरसकट म्हणतों. पण युरिया हा पदार्थ रसायनशास्त्राच्या वर्गीकरणांत सेंद्रियच ठरतो. त्याचें नांवच मूत्रवाचक ग्रीक शब्दावरून पडलेलें आहे. गाईच्या मूत्रांत जें नत्र असतें त्याचा मोठा भाग युरियाच असतो. आणि गाय जेवढें नत्र बाहेर टाकते त्याच्या निम्म्याच्या आसपास मूत्रावाटेच जातें. १८२८ सालीं जर्मन रसायनज्ञ व्हूलर यानें प्राण्याच्या शरीराची मदत न घेतां प्रयोगशाळेंत युरिया बनविला, तेव्हां सजीव आणि निर्जीव यांच्या रसायनांमधली अभेद्य मानलेली भिंत पहिल्यानें हादरली. १९०९ सालीं हाबर यानें हवेंतलें नत्र आणि हायड्रोजन यांचा दाबाखालीं संयोग करून अमोनिया काढून दाखविला, आणि १९१३ सालीं जर्मनींत ओपाऊ येथें त्याचा कारखाना चालूं झाला. त्याच अमोनियापासून पहिल्या महायुद्धांत स्फोटकें झालीं, आणि त्याच अमोनियापासून खतें होतात. आमच्याच रायगड जिल्ह्यांत अलिबागजवळ थळ येथें १९८५ च्या सुमारास युरियाचा मोठा कारखाना सुरू झाला. ज्या जिल्ह्यानें राबासाठीं सरकारशीं भांडण मांडलें होतें, तोच जिल्हा आतां देशाला पोत्यांतून नत्र पुरवूं लागला.

गोठ्याची गंमत मला त्या दिवशीं नव्यानें कळली. गोठ्यांत सकाळीं शिरतांना डोळ्यांना झोंबणारा जो वास येई, तो उडून जाणाऱ्या अमोनियाचा; म्हणजे आमच्या गाईनें फुकट दिलेला युरिया आमच्या डोळ्यांदेखत हवेंत जात होता. वहिनी गोठ्यांत कोरडा पातेरा अंथरीत आणि तो भिजला कीं उकिरड्यावर टाकीत. त्यांनीं रसायनशास्त्राचें पुस्तक पाहिलेलें नाहीं. पण त्या भिजलेल्या पातेऱ्याचें खत ‘जड’ असतें हें त्यांना ठाऊक होतें.

मग दोहोंत भेदच नाहीं काय? भेद आहे, पण तो कुळाचा नसून वेळेचा आणि सोबतीचा आहे. युरिया मातींत पडला कीं थोड्याच दिवसांत त्याचा अमोनिया होतो, आणि भाताला अमोनियाच्या रूपांतलें नत्र फार मानवतें. परंतु तो जसा चटकन्‌ येतो तसा चटकन्‌ जातोही. साचलेल्या पाण्यावर दुपारच्या उन्हांत टाकला तर उडून जातो. त्याचें नायट्रेट झालें तर पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जातें, किंवा चिखलाच्या खालच्या थरांत, जेथें प्राणवायु पोंचत नाहीं तेथें, पुनः वायुरूप होऊन हवेंत मिसळतें. ही गळती मंद व्हावी म्हणूनच २०१५ पासून देशांतल्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा करण्यांत आला. दुसरा धोका अतिरेकाचा. अधिक नत्र मिळालेलें रोप उंच, गर्द हिरवें आणि मऊ होतें. पाहणाऱ्याला तें सुंदर वाटतें, पण पावसाच्या माऱ्यानें लवतें, करप्याला लौकर बळी पडतें, आणि उपटतांना मोडतें. महाविद्यालयाची उपमा येथें माझ्या लेखणीच्या टोकाशीं येते. पण ती मी आवरतों, कारण विद्यार्थी उपटून लावण्याचें काम अजून कोणी माझ्याकडे दिलेलें नाहीं.

शेणखताचें याच्या उलट. तें आपलें नत्र मोजून मोजून देतें. आणि अर्धवट कुजलेलें असेल तर प्रथम देण्याऐवजीं घेतें. कारण त्यांतला पेंढा कुजविणाऱ्या सूक्ष्म जीवांनाच नत्र लागतें, आणि तें ते मातींतून ओढून घेतात. त्या दिवसांत रोप पिवळें दिसतें. पण शेणखत मातीला भुसभुशीत करतें, तिच्यांत ओल धरून ठेवतें, आणि उपटतांना रोपाचीं मुळें न तुटतां सुटून येतात. लावणीच्या दिवशीं कमरेंत वाकून रोप उपटणाऱ्या बायकांना या गुणाची जी किंमत कळते ती कोणत्याही तक्त्यांत मांडलेली नसते.

ओटीवरच्या बोलण्यांतून निष्पन्न झालें तें इतकेंच कीं त्या वर्षीं तिन्ही रीती शेजारीं शेजारीं करून पाहाव्या. दादांच्या समाधानासाठीं दोन गुंठे राब भाजला. कवळ मजुरीनें आणविलें, वहिनींना जाऊं दिलें नाहीं. दुसऱ्या तुकड्यांत गादीवाफे करून शेजारच्या दूधवाल्याकडून विकत घेतलेलें शेणखत आणि बांधावरच्या गिरिपुष्पाचा हिरवा पाला घातला. हें झाड खेड्यांत उंदीरमारी म्हणून ओळखलें जातें. त्याचा पाला नत्रानें समृद्ध असून लौकर कुजतो. तिसऱ्या तुकड्यांत खत नांवापुरतें आणि बाकी युरिया, ही पुतण्याची वांटणी. पंधरा दिवसांनीं पाहिलें तों राबाच्या तुकड्यांत तण जवळजवळ नव्हतें. युरियाचा तुकडा सर्वांत हिरवा होता. आणि खताचा तुकडा पहिले दहा दिवस फिकट राहून आतां कोठें रंग धरीत होता. पुतण्याचा चेहरा खुलला. मग चार दिवस संततधार लागली. हिरव्या तुकड्यांतलें रोप आडवें झालें, आणि उपटतांना त्याच्या जुड्या बांधणें कठीण गेलें. खताचें रोप बुटकें, पण ताठ होतें. दादा कोणालाच कांहीं बोलले नाहींत. राबाच्या रोपाची एक जुडी हातांत घेऊन ते बराच वेळ उभे होते.

दुसऱ्या वर्षीं आम्हीं दोन रीतींची सांगड घातली. सर्व वाफ्यांना शेणखत आणि गिरिपुष्प. पेरणीच्या वेळीं अगदीं थोडा युरिया, आणि उरलेला सुमारें पंधरा दिवसांनीं, तोही पाऊस उघडीप देईल आणि वाफ्यावर पाणी साचलेलें नसेल अशा दिवशीं. त्या वर्षीं मधेंच पाऊस लांबला, खाचरें चिखलणीस तयार होईनात. दुसरा हप्ता आम्हीं तसाच राखून ठेवला. कारण लावणी लांबणार असतां रोपाला नत्र देणें म्हणजे त्याला निष्कारण वाढवून म्हातारें करणें. पाऊस आल्यावर हप्ता दिला आणि आठवड्यानें रोप उपटलें. खाचरांत लावल्यावर तें थोड्याच दिवसांत सांवरलें. राब त्या वर्षीं भाजला नाहीं. दादांनीं त्याबद्दल खंत केली नाहीं. तण काढण्याची मजुरी वाढली तेवढी मात्र त्यांनीं मला दोनदां ऐकविली.

येथवर गोष्ट गोडच वाटेल. परंतु राब बंद झाला त्याच वर्षीं एक गोष्ट घडली, आणि ती मला अजून अस्वस्थ करीत आहे. वरकस उतारासाठीं गिऱ्हाईक आलें. कर्जतच्या बाजूस शहरांतल्या लोकांना बंगल्यांसाठीं डोंगरउतार हवे असतात, हें वाचकांस ठाऊकच आहे. मध्यस्थ म्हणाला, “प्राध्यापकसाहेब, ही तर पडीक जागा. तुम्हांला हिचा उपयोग काय?” वरकस जमीन ती भातशेतीच्या राबासाठीं, हा अर्थ कोकणांतल्या जमीनविषयक कायद्यांतूनही नोंदलेला आहे. खाचर आणि उतार हीं एकाच घरांतलीं दोन माणसें होतीं. एक कमावी, दुसरें त्याला खाऊं घाली. अर्ध्या पोत्यानें खाचराची उतारावरची गरज संपविली, आणि ज्या दिवशीं ती संपली त्या दिवसापासून उतार ‘पडीक’ झाला. डोक्यावरची पाटी उतरवणाऱ्या नत्रानेंच डोंगराला बाजार दाखविला. नत्राचें कूळ रोपाला विचारावें लागत नसेल; पण ज्यांच्या सातबाऱ्यावर डोंगर आहे, त्यांना तें विचारावें लागतें.

पुतण्याला पैशाची निकड आहे, आणि ती खोटी नाहीं. त्याच्या दोन मुलांचें शिक्षण व्हावयाचें आहे. सहीवांचून व्यवहार होत नाहीं आणि सह्यांमध्यें माझी एक आहे. मीं त्याला इतकेंच सांगितलें कीं जागा पडीक आहे म्हणून विकूं नये. विकणें भागच पडलें तर ती काय आहे हें ओळखून विकावी. त्या उतारावरून येणारें पाणी आपल्या खाचरांत उतरतें, त्याच्यावरचा पाला अजूनही वाफ्यांत जातो, आणि तेथें ऐनाचीं जीं झाडें पन्नास वर्षें ओरबाडलीं गेलीं, त्यांना दोन पावसाळे विसांवा मिळतांच त्यांनीं पुनः फांद्या धरल्या आहेत. वहिनींना वाटलें होतें कीं मी डोंगराची बाजू घेतली म्हणजे पुनः भारे आले. “राखा डोंगर,” त्या म्हणाल्या, “पण मला वर पाठवूं नका.” ती अट मीं मान्य केली, आणि पुतण्याला ती मीं लिहून दिली.

त्यानें तीन पावसाळ्यांची मुदत दिली होती. त्यांतले दोन होऊन गेले. मधल्या काळांत गिरिपुष्पाचीं खुटें बांधांवर आणि उताराच्या पायथ्याशीं लावलीं आहेत, म्हणजे पाल्यासाठीं वर चढावें लागणार नाहीं. नेरळच्या सगुणा बागेंतून प्रसृत झालेल्या पद्धतीनें चिखलणी आणि लावणी दोन्ही वगळून थेट वाफ्यावर भात टोकतात. तेंही थोड्या जागेंत करून पाहण्याचा पुतण्याचा विचार आहे, आणि तसें झालें तर रोपाच्या खताचा प्रश्नच उरणार नाहीं. वहिनींच्या डोक्यावरची पाटी उतरली, इतकें तर झालें आहे. डोंगराचें काय होतें, तें येत्या पावसाळ्यानंतर ठरेल.